उजवं कोपर

सायकल शर्यतीत मुंगूस पहिला आला तेव्हा त्याने दोन्ही हात वर केले होते, आणि पुढे सगळ्यांच्या डोळ्यांत तेच खुपलं. मागे रस्त्यावर सात जण एकमेकांवर आदळून पडले होते, त्यातला एक लोखंडी कठड्याखाली निपचित होता, आणि हा पठ्ठ्या हात पसरून आकाशाकडे बघत होता. फोटोत तसंच दिसत होतं. खरं तर मागचं त्याला काही ठाऊकच नव्हतं. ताशी सत्तरच्या वेगात कानात वारा सोडून दुसरं काही शिरत नाही. त्याच्या संघातला गडी पुढे राहून वारा अडवत शेवटच्या वळणापर्यंत त्याला ओढत घेऊन आला आणि बाजूला झाला. मग मुंगूस उजवीकडून सुटला, दोनशे मीटर जीव खाऊन पेडलं मारली, आणि अंतिम रेषा ओलांडली. एवढंच.

त्याला मुंगूस हे नाव संघाच्या मेकॅनिकने दिलं होतं. कुठेही फट दिसली की हा शिरलाच. बघणाऱ्याच्या छातीत धस्स व्हायचं, हा मात्र पलीकडून सुखरूप बाहेर. सहा वर्षं तो पगारी सायकलपटू होता आणि त्या सहा वर्षांत त्याच्यामुळे कुणाला खरचटलंही नव्हतं. निदान तो तसं सांगायचा.

रेषेच्या पुढे शंभर पावलांवर मेकॅनिकने त्याची सायकल धरली. नेहमी हा माणूस पाठीत धपाटा घालायचा. आज त्याने नुसती पाण्याची बाटली पुढे केली.

"काय रे, काय झालं?"

"मागे पडापडी झालीय. पिवळ्यांचा एक जण कठड्यात गेला."

"कोण?"

मेकॅनिक चाकाकडे बघत राहिला. "तुझे भाऊजी," तो म्हणाला.

मुंगसाचे भाऊजी, म्हणजे थोरल्या बहिणीचा नवरा, पिवळ्या संघातून शर्यती करायचे. मुंगूस निळ्या संघात. एका घरातले दोघे एकाच रेषेसाठी भांडतात याची वर्तमानपत्रवाल्यांना मोठी मौज वाटायची. घरात मात्र कधी खटका उडाला नव्हता. मुंगसाला स्प्रिंट, म्हणजे शेवटची सुसाट दौड, शिकवली होती ती भाऊजींनीच, ताईशी लग्न व्हायच्याही आधी.

तो मागे धावला. सायकलचे बूट घालून धड धावता येत नाही, तरी घसरत, लंगडत धावला. रुग्णवाहिकेचं दार लागलं होतं. रस्त्यावर एक पिवळं हेल्मेट पडलं होतं, अंड्याचं टरफल चेपावं तसं. ते उचलायला तो वाकला, तोच कुणीतरी त्याच्या दंडाला धरलं. "पंचांनी बोलावलंय. लगेच."

पंचांची गाडी म्हणजे दोन पडदे आणि तीन खुर्च्या बसवलेली एक बंद व्हॅन. मुख्य पंच या पन्नाशीच्या बाई होत्या, चष्मा डोक्यावर सरकवलेला. त्यांनी त्याला बसायलाही सांगितलं नाही. समोरच्या कॅमेऱ्याचं चित्रण त्यांनी हळू करून लावलं.

पडद्यावर एक निळी जर्सी संथपणे वर-खाली होत होती. तिच्या उजवीकडे, कठड्याच्या आणि तिच्या मधे, एक पिवळी जर्सी पुढे सरकली. मग निळीचं उजवं कोपर बाहेर आलं. दार उघडावं तसं, सावकाश, अगदी विचार करून. पिवळी जर्सी कठड्याला घासली आणि चित्रातून नाहीशी झाली.

मुंगूस पडद्याजवळ सरकला. पडद्यावरचा तो माणूस त्याच्याच ओळखीचा होता, पण ते कोपर त्याचं नव्हतं. "पुन्हा लावा," तो म्हणाला. "मूळ वेगात लावा."

मूळ वेगात सगळं पाऊण सेकंदात आटपलं. त्यात कोपरच दिसलं नाही. सगळेच हलत होते.

"आता वरून," बाई म्हणाल्या. हेलिकॉप्टरमधून घेतलेल्या चित्रात डावीकडचा एक लाल जर्सीवाला आधी तिरका आला, आणि निळा त्याच्यापासून अंग चोरत उजवीकडे कलला. सरळ निघालेल्या रेघेला बाक यावा तसं.

"बघा ना! तो माझ्या अंगावर आला!"

"आला. पण तुला लागला नाही. तुमच्यामध्ये हातभर जागा होती. शेवटच्या टप्प्यात धरलेली सरळ रेषा सोडून तिरकं जायचं नाही, हा नियम तुला मी सांगायला हवा का?"

"मी नाही सोडली."

"मग कोणी सोडली?"

बाईंनी चष्मा खाली घेतला आणि कागदावर लिहायला लागल्या. पहिला नंबर काढून घेतला, शर्यतीतून बाद केलं, पुढची शिक्षा संघटना ठरवेल. वीस मिनिटांत सगळं उरकलं. मुंगसाने सही केली, आणि ती त्याला दुसऱ्याचीच वाटली.

रुग्णालयाच्या बाहेरच्या बाकावर ताई बसली होती, कामावरचा पांढरा कोट अजून अंगावर. ती एका औषधाच्या कारखान्यात गोळ्या तपासायची. सरकत्या पट्ट्यावरून गोळ्या जातात, टवका उडालेली दिसली की बाजूला. चांगली किंवा वाईट, तिसरा डबा नाही. सोळा वर्षं हेच काम केल्यावर माणसाची नजरही तशीच होते.

"ताई."

तिने वर बघितलं. "जबडा मोडलाय. उजव्या बाजूचं गळ्याचं हाड, चार बरगड्या. डोक्याला मार आहे, पण शुद्धीवर आहे." सगळं एका दमात, यादी वाचावी तसं. मग म्हणाली, "मी टीव्हीवर बघितलं. बारा वेळा दाखवलं त्यांनी."

"ताई, अगं तो लाल जर्सीवाला…"

"मुद्दाम केलंस का?"

"नाही गं!"

"तिथे तो आहे हे तुला माहीत होतं?"

भाऊजींचं नाक लहानपणी मोडलेलं होतं. जोर लावला की त्यांच्या श्वासाची बारीक शिट्टी वाजायची, आणि हजार सायकलींत तो आवाज मुंगसाला ओळखू आला असता. आज तो ऐकला होता का? ऐकला असं आता वाटत होतं. पण हे वाटणं शर्यतीतलं होतं, की मेकॅनिकने नाव सांगितल्यानंतरचं?

"माहीत नाही," तो म्हणाला.

"माहीत नाही म्हणजे काय? एक तर माहीत असतं, नाही तर नसतं."

"खरंच माहीत नाही, ताई."

ती उठली आणि आत गेली. दार तिने आपटलं नाही, हळूच लावलं, आणि तेच त्याला जास्त लागलं.

आठवड्याभरात संघटनेचं पत्र आलं. 'हेतुपुरस्सर धोकादायक हालचाल' असा ठपका ठेवून नऊ महिने बंदी. निळ्या संघाच्या मॅनेजरने ते वाचून टेबलावर आपटलं. हा मॅनेजर बोलायला लागला की समोरच्याला श्वास घ्यायचीही सवड मिळत नसे. "सगळं खापर तुझ्यावर फोडून मोकळे झाले! कठड्याचे पाय रस्त्यात हातभर आले होते, ते कुणी बघितलं? लाल जर्सीवाल्याला साधी ताकीद नाही! दाद मागायची. आणि तू एकच सांगायचं: मी माझ्या रेषेत होतो. दुसरा शब्द काढायचा नाही."

मुंगसाने मान हलवली. घरी जाऊन त्याने चित्रण पुन्हा लावलं. त्या आठवड्यात त्याने ते किती वेळा पाहिलं याची गणती नव्हती. सकाळी बघताना वाटायचं, मी स्वतःला सावरत होतो, कुणीही हेच केलं असतं. तेच दुपारी बघताना वाटायचं, कोपर अमळ जास्तच बाहेर आलंय. संध्याकाळपर्यंत त्याला 'ढकल' असा विचार मनात आल्याचंही आठवायला लागायचं, अगदी शब्दासकट. आणि शर्यतीतली स्वतःची आठवण म्हणून जी होती, त्यात आता तो स्वतःलाच समोरून बघत होता, कॅमेऱ्याने बघावं तसा. त्याचं डोकं पार चक्रावून गेलं.

भाऊजींना भेटायला तो दहाव्या दिवशी गेला. जबडा तारांनी बांधलेला, उजवा हात गळ्यात अडकवलेला, आणि समोर एक वही. डाव्या हाताने ते लिहायचे, वाकडंतिकडं, पहिलीतल्या मुलासारखं.

मुंगूस स्टुलाच्या कडेवर टेकला. "भाऊजी, मी… कसं सांगू…"

भाऊजींनी वही ओढली. *रडू नको. हसायला लावलंस तर तारा तुटतील.*

मग त्यांनी उशीखालून एक घडी केलेला कागद काढून त्याच्या हातात दिला. पानभर मजकूर होता. 'संघटनेस' असं वर लिहिलेलं, आणि खाली: जागा नसताना मी आत घुसलो. चूक माझी आहे. निळ्या जर्सीच्या खेळाडूला शिक्षा होऊ नये. आणि सही. पानभर लिहायला डाव्या हाताने किती वेळ लागला असेल कोण जाणे.

मुंगसाच्या डोळ्यांना धारा लागल्या. तो उठून बाहेर आला तेव्हा ताई यंत्रातून पाणी घेत होती. त्याने कागद दाखवला. तिने वाचला, घडी केली, परत दिला.

"ने," ती म्हणाली. "त्याची इच्छा आहे तर ने."

"म्हणजे त्यांना आठवतंय! ताई, त्यांना आठवतंय, ते सांगतायत की…"

"काही आठवत नाही त्याला." ताईने पेला खाली ठेवला. "शर्यतीच्या दिवशी सकाळच्या चहानंतरचं काही नाही. रोज उठला की वहीत लिहून विचारतो, कोण जिंकलं. रोज मी सांगते. त्या दिवशी तू हात वर केले होतेस तेही सांगते."

सुनावणीची खोली लांबट होती, खिडक्या बंद, टेबलावर पाण्याच्या बाटल्या ओळीने मांडलेल्या. समितीचे अध्यक्ष हे एक थकलेले वकील होते. त्यांच्या शेजारी मुख्य पंचबाई बसल्या होत्या, साक्ष द्यायला. मॅनेजरने अर्धा तास भाषण केलं, कठड्याच्या पायांचे फोटो दाखवले, आणि शेवटी हुकमाचं पान टाकावं तसा तो कागद टेबलावर ठेवला.

"जखमी खेळाडूचा स्वतःचा जबाब. यापुढे काय बोलायचं?"

अध्यक्षांनी कागद शांतपणे वाचला. पंचबाईंकडे दिला. त्यांनीही वाचला आणि चष्म्यावरून मुंगसाकडे बघितलं. त्या नजरेत राग नव्हता, नुसती वाट बघणं होतं. आणि मुंगसाच्या तोंडून निघून गेलं, "ते खरं नाही."

मॅनेजरने टेबलाखालून त्याच्या पायावर पाय दिला.

"काय खरं नाही?" अध्यक्षांनी विचारलं.

"त्यांना त्या दिवसाचं काही आठवत नाही. ते माझे भाऊजी आहेत. माझ्यासाठी लिहिलंय त्यांनी."

"म्हणजे तुमच्या बाजूचा पुरावा तुम्हीच खोडताय." अध्यक्षांनी पेन खाली ठेवलं. "मग चूक तुमची होती असं म्हणायचं आहे का?"

"नाही."

"नव्हती?"

"तसंही नाही." त्याने कपाळावरचा घाम पुसला. "साहेब, मला विचाराल तर मी जराही बाजूला झालो नाही. पण मी ते इतक्या वेळा बघितलंय की आता मला ढकलल्याचंही आठवतं. बघण्याआधी आठवत नव्हतं. आता यातलं खरं कुठलं धरायचं ते मला समजत नाही. तुम्हाला समजलं तर मला सांगा. मी थट्टा करत नाहीये."

पंचबाई, ज्यांना कुणी काही विचारलं नव्हतं, हळू आवाजात म्हणाल्या, "मी त्या दिवशी वीस मिनिटांत ठरवलं. तेवढाच वेळ असतो. कुणाच्या डोक्यात काय होतं ते मी ठरवत नाही, मला ते दिसतही नाही. चाक कुठून कुठे गेलं तेवढं मी बघते. ते बाजूला गेलं होतं."

"पण पत्रात तर हेतुपुरस्सर लिहिलंय," मुंगूस म्हणाला.

"तो शब्द माझा नाही," बाई म्हणाल्या.

निकाल दुपारी लागला. 'हेतुपुरस्सर' हा शब्द काढून तिथे 'निष्काळजीपणाने' घातला, आणि नऊचे सहा महिने केले. मॅनेजर गाडीत शेवटपर्यंत बोलला नाही, आणि हे त्याच्या बाबतीत कधीच घडलं नव्हतं. मुंगूस तो नवा शब्द मनात घोळवत राहिला. निष्काळजी? त्या दोनशे मीटरइतकी काळजी त्याने जन्मात कशाची घेतली नव्हती.

कागदाचं काय झालं हे भाऊजींच्या खोलीत ताईला त्यानेच सांगितलं. त्याला वाटलं होतं, निदान आता तरी तिला पटेल की भाऊ खोटं बोलणारा नाही. झालं भलतंच.

"तू तो खोटा ठरवलास?" ती ताडकन उठली. "भरल्या खोलीत? अरे, तीन दिवस लागले त्याला तेवढं लिहायला!"

"पण ताई, तूच म्हणालीस ना, त्यांना आठवत नाही."

"मी तुला म्हणाले! समितीला जाऊन सांग असं म्हणाले का?"

"मग मी काय करायला हवं होतं? खोट्यावर सुटायला हवं होतं?"

सोळा वर्षं गोळ्या वेगळ्या करणारी ती बाई पहिल्यांदाच अडखळलेली मुंगसाने पाहिली. "मला नाही माहीत," ती म्हणाली आणि मटकन खुर्चीत बसली. "तू त्याला पाडलंस म्हणून मला तुझा राग येतो. तू त्याचा कागद घेतला नाहीस म्हणूनही येतो. आणि घेऊन सुटला असतास, तर तुझं तोंड बघितलं नसतं मी."

पलंगावर भाऊजी सगळं ऐकत होते. त्यांनी पेन्सिलीने वहीवर टकटक केलं. दोघं जवळ गेली.

*खोटं नव्हतं ते,* त्यांनी लिहिलं. *आठवत नाही हे खरं. पण मी स्वतःला ओळखतो. तेवढी फट दिसली असती तर गेलोच असतो.* पान उलटलं. *आणि कोपर बाहेर ठेवायला तुला कोणी शिकवलं? अंगणात, खुर्च्या मांडून?*

मुंगसाला ते लख्ख आठवलं. दोन खुर्च्यांमधून सायकल काढायची आणि कोपराने खुर्ची सरकवायची, पडू द्यायची नाही. 'आपली जागा आपण करून घ्यायची,' असं भाऊजी म्हणायचे. म्हणजे आता चूक आणखी मागे गेली, अंगणापर्यंत. तिथेही थांबेल असं काही दिसेना.

सहा महिने गेले. मुंगूस परत आला आणि शर्यती करायला लागला, पण फटी त्याला दिसेनाशा झाल्या. दिसायच्या खरं तर, तो आत शिरेपर्यंत मिटलेल्या असायच्या. एकदा अकरावा आला, एकदा चौदावा. दोनशे मीटर राहिले की तो कोपरं बरगड्यांना चिकटवून बसायचा, थंडी वाजल्यासारखा. मॅनेजरने फार बोलून न दाखवता त्याला दुसऱ्या स्प्रिंटरला ओढून नेण्याच्या कामाला लावलं. ते काम तो चांगलं करायचा. वळण आलं की बाजूला व्हायचं आणि मागे वळून बघायचं नाही.

भाऊजींनी शर्यती सोडल्या होत्या. जबडा बसला, पण डावीकडे जरा तिरका, त्यामुळे ते सतत काहीतरी गमतीचं बोलणार आहेत असं वाटायचं. एका रविवारी सकाळी ते सायकल घेऊन मुंगसाच्या दारात उभे राहिले.

"चल, फिरून येऊ. तुझ्या बहिणीला सांगितलंय भाजी आणायला जातो म्हणून."

दोघं गावाबाहेरच्या सपाट रस्त्याला लागले. इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्या. मग भाऊजींनी हनुवटीने पुढे खूण केली. "त्या पांढऱ्या खांबापर्यंत."

"भाऊजी, नको."

"का? म्हातारा झालो का मी?"

ते निघालेसुद्धा. मुंगूस मागून गेला आणि खांबाच्या आधी त्याने पेडल मारायचं थांबवलं. भाऊजी पहिले पोचले, थांबले, आणि वळून त्याच्याकडे बघितलं. त्यांचा चेहरा लाल झाला होता. "हे जे केलंस ना आत्ता," ते म्हणाले, "याने मला त्या कठड्यापेक्षा जास्त लागलं. माझी कीव करू नकोस. पुन्हा चल."

दुसऱ्या वेळी मुंगूस खरंच निघाला. चाकाला चाक लावून दोघं सुटले आणि ती बारीक शिट्टी त्याच्या कानात शिरली. ती ऐकूनही त्याचे पाय थांबले नाहीत. खांब वीस हातांवर आला आणि दोघांची कोपरं एकमेकांना लागली. चांगलीच लागली. भाऊजींची सायकल डगमगली, कडेच्या मातीत गेली, धुरळा उडाला, आणि परत रस्त्यावर आली. खांब कोणी आधी ओलांडला हे दोघांनीही बघितलं नाही.

दोघं थांबले. भाऊजी पांढरेफटक पडले होते. मुंगसाचे हात हँडलवरून सुटत नव्हते.

"कोण आलं कुणाच्या अंगावर?" भाऊजींनी विचारलं. त्यात आरोप नव्हता. त्यांना खरंच उत्तर हवं होतं.

मुंगसाने मागे रस्त्याकडे बघितलं. मातीत एक चाकोरी उमटली होती, तिरकी. ती भाऊजींची. डांबरावर त्याच्या चाकाची काहीच खूण नव्हती.

"मी असेन," तो म्हणाला. मग म्हणाला, "की तुम्ही?"

"मला वाटलं मी." भाऊजींनी कोपर चोळलं. "पण मला तर सगळ्याचंच तसं वाटतं हल्ली."

ते खाली उतरले, चाक फिरवून पाहिलं, माती झटकली. मग भाजीची आठवण झाली. बाजार उलट्या दिशेला होता. सायकली वळवून दोघं निघाले, आणि मुंगूस नकळत रस्त्याच्या अगदी कडेने चालवू लागला. भाऊजींनी दोनदा हाताने खूण केली की जवळ ये. तिसऱ्यांदा तो जवळ आला.